डिकीत तापलेलं ऑरेंज ड्रिंक, प्यावं का ओतून द्यावं?

सोलापुरी_चादर:
मंडळी एक शंका. पोराच्या बर्थडेला आणलेल्या ऑरेंज ड्रिंकच्या ८ बाटल्या डिकीतच राहिल्या, आणि गाडी आठवडाभर उन्हात, सोलापूरचं ऊन काय सांगायचं. सील शाबूत आहे, एक्सपायरी लांब आहे. बायको म्हणते फेका, मी म्हणतो फ्रीजला लावू. लेबलवर बारीक अक्षरात २११ आणि ३०० लिहिलंय, हे काय असतं?

लॅबवाली_ताई:
वहिनींचं ऐका 😄 २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, बुरशी धरू नये म्हणून घालतात. ३०० म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, आपलं व्हिटॅमिन सी. एकेकटी दोघं गरीब, पण आंबट पाण्यात एकत्र राहिली की थोडं थोडं बेंझिन तयार होतं, ऊन आणि उजेड मिळाला की अजून जास्त. आणि बेंझिनने ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होतो यात काही वाद नाहीये. अमेरिकेत कंपन्यांना हे १९९० पासून माहीत होतं, तरी २००६ च्या आसपास एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) तपासलं तर काही ड्रिंक्समध्ये पाण्यासाठीच्या ५ पीपीबी मर्यादेच्या वर निघालं, मग रेसिपी बदलल्या. ५ पीपीबी म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, वासाने-चवीने काही कळत नाही.

जुना_पुणेकर:
२००३ विसरलात काय? दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने कोल्ड्रिंकचे १२ ब्रँड तपासले, सगळ्यांत कीटकनाशकं. जेपीसी म्हणजे संसदेची समिती बसली, अध्यक्ष आपले पवारसाहेब, २००४ ला रिपोर्ट आला की सीएसईचं बरोबर आहे. पुढे काय झालं? लोक पितायतच. उसाचा रस प्या.

लॅबवाली_ताई:
काका ते वेगळं, ते बोअरच्या पाण्यातून बाटलीत आलेलं. हे बाटलीतच तयार होतं. (रसवंतीचा बर्फ कुठून येतो विचारलंय का कधी?)

चहाबाज:
मग शुगर फ्री घेतलं तर बरं ना?

लॅबवाली_ताई:
उलट! साखरेमुळे ही रिअ‍ॅक्शन जरा मंदावते, त्यामुळे डाएटवाल्यात बेंझिन जास्त होऊ शकतं. म्हणून साखर चांगली असं नाही हां.

सोलापुरी_चादर:
ओतल्या मोरीत आठही. एखाददुसरी पिऊन काय होतंय असं मनात आलं होतं, पण पोरगं रोज एक मागतं. आता टपरीवर बाटल्या बाहेर उन्हात रचलेल्या दिसल्या की आधी लेबल उलटून बघतोय, टपरीवाला म्हणतो साहेब घ्यायचंय का वाचायचंय.