मदत हवी आहे: महिलांच्या निवारागृहात जेवण वाढताना कसं वागावं?

नमस्कार मंडळी,

बेघर महिलांच्या निवारागृहात रात्रीचं जेवण वाढायला आम्ही काही मैत्रिणी लवकरच जाणार आहोत. अन्नाची बाजू मार्गी लागली आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचे, २ तासांहून जास्त वेळ उघड्यावर राहिलेलं वाढायचं नाही, हे ठरलंय. मधुमेह असलेल्या, गरोदर किंवा दातांच्या त्रासामुळे मऊच खाऊ शकणाऱ्या किती जणी आहेत, तेही नावं न विचारता कळवायला सांगितलंय.

अडलंय ते वागण्याबोलण्यावर. तिथल्या कितीतरी जणी घरातली मारहाण सोसून बाहेर पडलेल्या असतात. त्यामुळे फोटो काढायचे नाहीत, पत्ता कुठेही टाकायचा नाही आणि ‘इथे कशा आलात?’ असं विचारायचं नाही, हे मनापासून पटतं. पण मग बोलायचं काय? मुकाट्याने ताटं पुढे सरकवणं मला फार कोरडं वाटतं.

शिवाय, आम्ही वाढावं की त्यांना हवं तेवढं स्वतः घेऊ द्यावं? मला दुसरं बरं वाटतं, कारण पुन्हा मागायचा संकोच राहत नाही. पण शेवटी येणाऱ्यांना कमी पडेल अशी भीती आहे. सगळ्यांचं वाढून झाल्यावर त्यांच्याच पंगतीत बसलेलं चालतं का? आणि जेवताना कुणी रडू लागली, तर जवळ बसावं की आधी तिथल्या ताईंना बोलवावं?

असं काम केलेल्यांनी, किंवा कधी अशा ठिकाणी राहिलेल्या कुणाला सांगावंसं वाटलं तर त्यांनीही, जरूर लिहा. खाजगीत कळवलंत तरी चालेल.