परसातील कागदी लिंबू: वेटोळी पाने, खरखरीत डाग आणि पिवळे शेंडे

प्रश्न (सोलापूर)

नमस्कार. आमच्या घरामागे काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कागदी लिंबाचे पाच वर्षांचे झाड आहे. पावसाळ्यात फुटलेल्या कोवळ्या पालवीवर चंदेरी, नागमोडी रेषा उमटतात आणि ती पाने आक्रसून वेटोळी होतात. जून पानांवर, फांद्यांवर आणि आता फळांच्या सालीवरही पिवळी कडा असलेले तपकिरी, खरखरीत डाग आले आहेत. शिवाय शेंड्याची पाने पिवळी पडत असून त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात. रोपवाटिकेत सांगितल्याप्रमाणे शेणखत वाढवले आणि एक कीटकनाशकही फवारले, तरी फरक पडलेला नाही. लिंबे लोणच्यासाठी हवी असल्याने जहाल औषधे शक्यतो टाळायची आहेत. हा सारा एकच रोग समजावा का?

उत्तर (श्रीगोंदा)

रोग एक नाही, परंतु पहिली दोन लक्षणे एकमेकांशी जोडलेली आहेत. चंदेरी रेषा नागअळीच्या आहेत. ही अळी पानाच्या पातळ पापुद्र्याखाली राहून आतला हिरवा भाग पोखरत जाते, त्यामुळे पानावर नुसते पसरणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला कोवळी पालवीच लागते. पान जून झाले की ते तिच्या कामाचे राहत नाही. खरखरीत डाग खैऱ्या रोगाचे आहेत. तो जिवाणूंमुळे होतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो आणि काट्यांच्या ओरखड्यांतून तसेच नागअळीने पोखरलेल्या जागेतून पानात शिरतो. जिवाणूवर कीटकनाशक चालत नाही, आणि नागअळी मोकळी राहिली तर खैऱ्यालाही नवी दारे मिळत राहतात.

म्हणून पालवी फुटू लागताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावा. त्यासाठी 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून अर्क एक लिटर करावा, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि उन्हाने त्याचा गुण कमी होत असल्याने संध्याकाळी फवारणी करावी. खैऱ्यासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे: 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत. मिश्रणात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. नागअळी लागलेली सगळी पाने खुडून टाकावीत.

उत्तर (अकोला)

वरील उत्तरातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. वेटोळी पानेही बऱ्याच प्रमाणात अन्न तयार करतात, आणि ती सरसकट खुडली तर झाड लगेच नवी पालवी काढते, म्हणजे नागअळीला पुन्हा हवे तेच मिळते. खैऱ्याने भरलेल्या काड्या मात्र अवश्य काढाव्यात.

पिवळेपणाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण तिथे शेणखत वाढवून उपयोग झाला नाही हे स्वाभाविक आहे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. नत्र कमी असते तेव्हा जुनी पाने आधी पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि मातीत टाकलेले हिराकसही (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) लवकरच तसेच अडकून पडते. म्हणून एका लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून ते पानांवर फवारावे. बोर्डोबरोबर मात्र एकत्र करू नये. बुंध्याशी पाणी साचत असेल तर मुळे गुदमरून पिवळेपणा वाढतो आणि डिंक्याही (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. खोडाभोवती मातीची भर देऊन पाणी फांद्यांच्या घेराखालील बाहेरच्या आळ्यात द्यावे, खोड कोरडे राहील असे पाहावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाणी आम्ही खोडाशीच देत होतो, ते आता बदलते. छाटणी लगेच करावी का, आणि डाग पडलेली लिंबे खाण्यास चालतील का?

उत्तर (अकोला)

भर पावसात छाटणी करू नये, कारण ओल्या कापांतून खैऱ्या आणखी पसरतो. पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशी डागांच्या खाली, निरोगी भागात काप घ्यावा, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसावी, कापांवर बोर्डो पेस्ट (घट्ट बोर्डो मिश्रण) लावावी आणि काड्या जाळून टाकाव्यात. खैऱ्याचा जिवाणू माणसाला अपाय करत नाही, तेव्हा डागाळलेल्या लिंबांचा रस बिनदिक्कत वापरावा. लोणच्यात साल खाल्ली जाते, म्हणून त्यासाठी स्वच्छ सालीची फळे निवडावीत, तोडणीच्या आधी बोर्डोची फवारणी बंद ठेवावी आणि फळे चोळून धुवावीत.