स्पोर्ट्स कार : मॅन्युअल की ऑटोमॅटिक? शनिवारपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

द्राक्षबाग१५ (बुधवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. गाडी ठरली, रंग ठरला, फक्त गेअरबॉक्स ठरत नाहीये. शोरूमला शनिवारी अकराच्या आत सांगायचंय. स्पोर्ट्स कार मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? यूट्यूब बघून डोकं उठलंय, एक जण एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट. "शेवटी तुमची आवड" असं कृपया कोणी लिहू नका, तेवढं मलाही कळतं. गाडी नाशिकलाच असेल.

क्लचप्लेट (१०:५२)
कोणती गाडी? नवी की वापरलेली? रोज काढणार की रविवारी? ऑटोमॅटिक म्हणजे नेमका कोणता प्रकार? डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

निवांत (११:०५)
ऑटोमॅटिक. संध्याकाळी सात वाजता मुंबई नाका ते द्वारका जाऊन दाखवा मॅन्युअलने. पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल, पहिला. धागा बंद करा.

घाटवाट (११:११)
द्वारकेच्या सर्कलसाठी स्पोर्ट्स कार घेतं का कोणी? त्यासाठी रिक्षा आहे. सकाळी सहाला पेठ रोडने सावळ घाटात जा, वळणाच्या आधी तिसऱ्याचा दुसरा टाका, इंजिनचा आवाज वर चढू द्या, मग बोला. मॅन्युअल. दुसरा विचारच नको.

ओझरकर_काका (११:३०)
माझा अनुभव सांगतो. पाच वर्षं ऑटोमॅटिक वापरतोय. गावात उत्तम, पण ओव्हरटेक करताना पाय दाबला की गाडी आधी विचार करते, मग एक झोका देते आणि मग निघते. तोवर समोरून ट्रक आलेला असतो. सौं.ची मान दुखायला लागली. तेव्हा मॅन्युअलच घ्या. आमच्या पद्मिनीला तर गेअर स्टेअरिंगवर होता. काय गाडी होती!

क्लचप्लेट (११:४४)
काका, तुमची एएमटी आहे. ती मुळात मॅन्युअलच. क्लच दाबायला आणि गेअर टाकायला पायाहाताऐवजी यंत्र बसवलेलं असतं, एवढाच फरक. गेअर बदलताना ओढ तुटते, तोच तुमचा झोका. स्पोर्ट्स कारमध्ये दोन प्रकार बघायला मिळतात. एक डीसीटी : दोन क्लच, एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तिसरा चालू असताना चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो, नुसता क्लच बदलायचा. दुसरा टॉर्क कन्व्हर्टर : इंजिन आणि गेअरबॉक्सच्या मध्ये तेल, दोन पंखे समोरासमोर ठेवावेत तसं. पूर्वी सुस्त असायचा, आता पार बदललाय. या तिन्हींना आपण "ऑटोमॅटिक" म्हणून एकाच पोत्यात भरतो आणि मग भांडतो. धागाकर्ते, गाडीचं नाव?

द्राक्षबाग१५ (गुरुवार, सकाळी ७:१५)
गाडी लिहायचीच राहिली. एम टू. नवी.

चहाटळ (७:३१)
बीएमडब्ल्यूची? कोटीच्या वरची? गाडीला कोटी आणि सल्ला फुकटात? निर्यातीचा माल यंदा बरा गेलेला दिसतोय.

द्राक्षबाग१५ (७:३८)
दोन वर्षं गारपिटीत बाग झोपली तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं भाऊ. मुद्द्याचं बोला.

क्लचप्लेट (८:२०)
आता बोलता येईल. २०२३ मध्ये ही पिढी भारतात आली तेव्हा ९८ लाख एक्स-शोरूम होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. आधीच्या पिढीत सात गेअरचा डीसीटी होता, आता आठ गेअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. मॅन्युअल सहा गेअरचा. २०२४ च्या सुधारित गाडीत ताकद दोन्हींना सारखीच, ४८० हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, मात्र ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलला ५५०. शून्य ते शंभर ऑटोमॅटिक ४ सेकंदांत, मॅन्युअल ४.२ मध्ये. हा ०.२ सेकंद तुम्हाला नाशकात कुठेच सापडणार नाही, तेव्हा आकडे बघून ठरवू नका.

भाऊ_सातपूर (९:०२)
ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका. माझ्या आधीच्या सेदानचा गेअरबॉक्स पंचावन्न हजार किलोमीटरला गेला. पाथर्डी फाट्याच्या उड्डाणपुलावर, भर पावसात. डिस्प्लेवर पान्ह्याचं चित्र आणि गाडी जागची हलेना. उलटा गेअर पडायचा, पुढचा नाही. मागून एसटीवाला हॉर्न देतोय आणि मी तिला ढकलत कडेला नेतोय. बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही.

क्लचप्लेट (९:१०)
ड्राय क्लचचा डीसीटी होता ना?

भाऊ_सातपूर (९:१४)
हो, सात गेअरचा. पण त्याने काय फरक पडतो?

क्लचप्लेट (९:२१)
फरक पडतो. ड्राय क्लचला गार करायला तेल नसतं. इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो सतत हाफ क्लचवर राहतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सरकताना घासायला क्लचच नाही, तेल घुसळलं जातं. विहिरीची मोटर जळाली म्हणून घरातला पंखा लावायचा नाही, असं म्हणताय तुम्ही.

भाऊ_सातपूर (९:२५)
तुमच्या खिशातून गेले असते तर हे पंख्याचं सुचलं नसतं.

मागचं_पान (९:४०)
थोडा इतिहास. स्टेअरिंगच्या मागच्या पात्यांनी गेअर बदलायची सुरुवात फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फेरारीने केली. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेल त्याच गाडीने पहिल्याच शर्यतीत जिंकला आणि मग तीच गाडी वर्षभर वरचेवर बंद पडत राहिली. रस्त्यावरच्या फेरारीत हे आलं १९९७ च्या एफ ३५५ मध्ये. दोन क्लचवाला गेअरबॉक्स बाजारातल्या गाडीत प्रथम बसला तो २००३ च्या गोल्फ आर ३२ मध्ये. पोर्शेने २०१३ मध्ये नऊशे अकरा जीटी थ्रीचा मॅन्युअल बंद केला, तर गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की २०१७ ला तो परत आणावा लागला.

निवांत (९:४३)
छान. शनिवारी शोरूमला काय सांगायचं ते यात कुठे आहे?

विजेरी (१०:१५)
२०२५ नंतर पेट्रोलची गाडी घेणं म्हणजेच चूक. इलेक्ट्रिकला गेअरच नाही, प्रश्नच मिटला.

घाटवाट (१०:१९)
म्हणूनच ह्युंदाईला आयोनिक फाइव्ह एनमध्ये खोटे गेअर आणि खोटा आवाज घालावा लागला ना? गेअरच नको तर ती नाटकं कशाला?

एक_नाशिककर (११:००)
गेअर सोडा, गाडी खाली लागेल त्याचं बघा. सिंहस्थाची कामं चालली आहेत, अर्धं शहर खणून ठेवलंय. काल आमच्या कॉलनीत आत जाताना माझ्या साध्या हॅचबॅकचा पुढचा बंपर घासला. तुमची तर जमिनीला चिकटलेली असणार. कुंभ होईपर्यंत थांबा.

सातबारा (११:२०)
आणि मुळात चार सीट आणि डिकी असलेली ती स्पोर्ट्स कार नव्हेच. दोन सीट, टप उघडणारा, ती स्पोर्ट्स कार.

घाटवाट (११:२२)
आता हा एक नवा फाटा. पुढे जाऊ या.

मुक्काम_इगतपुरी (दुपारी १२:४०)
घाट घाट काय करताय? ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला. मुंबईला जाताना कसारा घाट आता लागतोच कुठे? बोगद्यातून सरळ खाली. सपाटीवर मर्यादा १२०. सहावा टाकला की तासभर हात लावायचा नाही. तिथे मॅन्युअल काय आणि ऑटोमॅटिक काय, सारखंच. बाकी परतताना आमच्याकडे भजी खायला थांबा, पाऊस असेल तर विशेष.

चहाटळ (१२:४४)
भजी कुठली? स्टेशनजवळची की हायवेवरची?

मुक्काम_इगतपुरी (१२:४६)
स्टेशनजवळची. हायवेवरची तेलकट असतात.

कॉलेजरोडची_अनघा (१:३०)
सगळे गाडीचंच विचारताय. चालवणार कोण? धागाकर्ते, घरात आणखी कोणी चालवणार आहे का? मिस्टरांनी हौसेने मॅन्युअल आणली आणि ती त्यांच्याशिवाय कोणी काढत नाही म्हणून आमच्याकडे महिनोन्महिने कव्हरखाली उभी असते. दोनदा बॅटरी उतरली.

द्राक्षबाग१५ (३:०५)
ताई, बरोबर पकडलंत. मी आणि वडील. खरं तर वडीलच. त्यांच्या एकसष्टीला घ्यायची म्हणत होतो, जमली नाही. आता ते अडुसष्टचे आहेत. पंचवीस वर्षं मॅटॅडोर चालवली त्यांनी. पिंपळगावहून रात्री द्राक्षाच्या पेट्या भरायच्या आणि कसारा उतरून पहाटे वाशी. त्या टेम्पोचा दुसरा गेअर सरळ बसायचा नाही, डबल क्लच करावा लागायचा : क्लच दाब, न्यूट्रल, सोड, थोडी रेस, परत दाब, मग गेअर. मी शेजारी बसून झोपायचो, पण गेअर कधी कुरकुरल्याचं आठवत नाही. घरातल्या ऑटोमॅटिक एसयूव्हीला ते "झोपाळा" म्हणतात. म्हणून मॅन्युअल डोक्यात आहे. फक्त मार्चमध्ये त्यांचा गुडघा बदललाय.

क्लचप्लेट (३:०९)
कोणता?

द्राक्षबाग१५ (३:१२)
डावा.

क्लचप्लेट (३:१३)
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! सोळा तास आम्ही काय बोलतोय?

निवांत (३:१५)
मी पहिल्यापासून सांगतोय.

घाटवाट (३:४०)
मी मॅन्युअलवाला आहे, तरी हे बाजूला ठेवून बोलतो. गुडघ्याचं त्यांच्या सर्जनला विचारा, इथे नको. पण चालवायला हरकत नाही म्हणाले तरी सिग्नलला चाळीस वेळा क्लच दाबणं वेगळं. कोणाची तरी मॅन्युअल मागून घ्या. एकदा संध्याकाळी गावात आणि एकदा सकाळी घाटात, दोन्ही करा. विचारू नका, नुसतं बघा. ती पिढी "दुखतंय" म्हणत नाही.

भाऊ_सातपूर (४:०५)
हे बरोबर बोलले. आणि गाडी मागून घ्याल तर टाकी भरून परत द्या. लोक विसरतात.

ओझरकर_काका (४:३०)
वडिलांना माझा नमस्कार सांगा. डबल क्लच करणारे आता आम्ही थोडेच उरलो.

द्राक्षबाग१५ (शुक्रवार, दुपारी १:५०)
दोन्ही केलं. सर्जन म्हणाले, चालवू दे, पण ट्रॅफिकमध्ये नको. काल संध्याकाळी मित्राची मॅन्युअल घेतली. गंगापूर रोडने अशोकस्तंभ, तिथून द्वारका. पहिली दहा मिनिटं तात्या, म्हणजे वडील, खूश. नंतर प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करायचे आणि डावा हात खाली जायचा. आधी वाटलं सीट मागे घेतायत. शालिमारच्या अलीकडे पाहिलं, मांडीखाली हात घालून पाय उचलत होते आणि क्लचवर ठेवत होते. मी काचेबाहेर बघत राहिलो. घरी आल्यावर म्हणाले, "क्लच जरा जड आहे रे याच्या गाडीचा." जड नव्हता.

आज पहाटे पेठ रोड. तिथे एकदाही हात खाली गेला नाही. मोकळा रस्ता, गेअर बदलायचे तेवढेच. एका वळणावर मी न सांगता डबल क्लच केला त्यांनी. गरज काहीच नव्हती, गाडी पाच वर्षांची आहे. माझ्याकडे बघून हसले.

आता सांगा.

क्लचप्लेट (२:२०)
ऑटोमॅटिक. पण त्यांना दांडा मॅन्युअल मोडला घ्यायला शिकवा. पुढे ढकलला की गेअर खाली, मागे ओढला की वर. इंजिन लाल रेषेपर्यंत, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत, नेलं तरी ही गाडी स्वतःहून गेअर वर टाकत नाही, तिथेच धरून ठेवते. झोपाळ्यात आणि हिच्यात हाच फरक. घाटात उतरताना दुसऱ्यात ठेवायची, इंजिनच ओढून धरेल, ब्रेक तापणार नाहीत. हे त्यांना सांगायची गरज नाही म्हणा.

घाटवाट (२:३५)
ऑटोमॅटिक. लिहिताना बोटं दुखली.

कॉलेजरोडची_अनघा (२:५०)
त्यांना विचारलंत का?

द्राक्षबाग१५ (शनिवार, सकाळी ११:२०)
सकाळी चहाला विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आपोआपवाली सांग. तुझ्या आईलाही चालवता येईल." आईने आयुष्यात स्कूटीही चालवलेली नाही. साडेदहाला कळवून टाकलं. आता ते म्हणतायत लाल नको, निळा बघ. म्हणजे ठरलेला रंगही गेला. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

ओझरकर_काका (११:३१)
पांढरा घ्या. धूळ दिसत नाही.

घाटवाट (११:४०)
ती मित्राची मॅन्युअल विकायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.