शब्दचर्चा: देवाजवळ ‘वस्ती’, ‘निवास’ की ‘माहेर’?

माहीमकरीण: आमच्या मंडळीच्या उपासनेसाठी एक पत्रक मराठीत करतेय. विषय असा, की देवाच्या सानिध्यात आपल्या घरी असल्यासारखं वाटणं. बायबलमधल्या योहान १४:२३ या वचनावर अडलेय. जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ, त्याच्याबरोबर ‘वस्ती’ करू, असं येशू म्हणतो. तरुण संघातला एक मुलगा म्हणतो, मुंबईत वस्ती म्हणजे झोपडपट्टी, शब्द बदला. ‘निवास’ लिहिलं तर सरकारी बंगल्याची पाटी वाचल्यासारखं वाटतं. पुनर्विकासात चाळ सोडून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं हे वाचणार आहेत, म्हणून शब्द नेमका हवा.

परळचा दापोलीकर: झोपडपट्टीत देव यायला काय हरकत आहे? माझी अडचण वेगळी. गावाला वस्तीची एसटी येते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच जेवून झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. वस्ती म्हणजे रात्रीचा मुक्काम. देव काय सकाळी निघून जाणार?

जुनी पोथी: मूळ ग्रीक शब्द ‘मोनी’. नव्या करारात तो दोनदाच येतो, दोन्ही वेळा याच अध्यायात. दुसऱ्या वचनात पित्याच्या घरी आपल्यासाठी जागा आहेत, तेविसाव्यात तो आपल्याकडे राहायला येतो. धातूचा अर्थ राहणं, टिकणं. मराठीत एकीकडे ‘जागा’ आणि दुसरीकडे ‘वस्ती’ झाल्यामुळे हा दुवाच तुटला, याचं मला फार वाईट वाटतं.

गोराईची लेक: ताई, ‘माहेर’ लिहा. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. सणाला आजी देवळातून उशिरा यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “माहेरी गेल्यावर घड्याळ कोण बघतं?”

गिरगावकर: माहेर वारकऱ्यांचं आहे. ‘माझे माहेर पंढरी’ हे एकनाथांचं. त्यावर ख्रिस्ती अर्थ चिकटवू नये.

गोराईची लेक: काका, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, ते ओवीत आहे आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले. चारशे वर्षं वापरलेली भाषा उसनी कशी? आणि माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. त्यात पंथ कुठे आला?

परळचा दापोलीकर: पण माहेरपण चार दिवसांचं. तिथूनही परत निघावंच लागतं. शिवाय पुरुषांनी काय म्हणायचं?

गोराईची लेक: देवापुढे सगळेच लेकरं. वारीतले पुरुषही पंढरीला माहेरच म्हणतात.

माहीमकरीण: मला आता नव्वदावं स्तोत्र जवळचं वाटतंय: ‘हे प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आम्हांला निवासस्थान आहेस.’ ही मोशेची प्रार्थना, रानात तंबू ठोकत आणि उपटत फिरलेल्या माणसाची. त्याचं घर देवाजवळ नव्हतं, देवच त्याचं घर होता. संक्रमण शिबिरातल्या माणसाला हे सांगायला मला नक्की आवडेल. पण मग वस्ती ठेवू की काढू? शनिवारी छपाईला द्यायचंय.

गिरगावकर: आधी ‘सानिध्य’ सुधारा. सन्निधीपासून सान्निध्य, दोन न.

परळचा दापोलीकर: बोलताना दोन न कोण उच्चारतो? रूढ झालं ते शुद्ध.

जुनी पोथी: आम्ही उच्चारतो. सोळाव्या स्तोत्रात ‘तुझ्या सन्निध पूर्णानंद आहे’ असं आहे. मोठ्यानं वाचून बघा, एका न वर ती ओळ लंगडी पडते.