राज्यघटनेचा मुद्दा खालच्या कोर्टातच उभा राहतो

काही जण म्हणतात की समानतेच्या हक्काचे खटले दिल्ली-मुंबईचे, पुण्यात कामगार न्यायालयात राहून वकिलाचं करिअर होत नाही. हे पटत नाही. २०१६ च्या जगजित सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं, पण काम खरोखर तेच होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच ठेवली. तो पुरावा खालीच गोळा करावा लागतो. अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेख ठेवण्याच्या अधिकारात, उच्च न्यायालय सहसा नव्याने साक्षीपुरावा घेत नाही.

ज्युनिअर असताना माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. एका सार्वजनिक संस्थेत वर्षानुवर्षं रोजंदारीवर. दुधाच्या पिशवीत जपलेले गेटपास, घामाने शाई पुसट झालेली. दोन रात्री बसून मी ते तारखेवार लावले आणि कायम कर्मचाऱ्यांच्या ड्युटी चार्टशी एकेक पाळी ताडून पाहिली. उलटतपासणीत अधिकाऱ्याला मान्य करावं लागलं की पाळी तीच, कामही तेच. पुढे मुंबईत सिनिअरांनी अनुच्छेद १४ वर, म्हणजे समानतेच्या हक्कावर, युक्तिवाद केला तो त्या एका कबुलीच्या जोरावर. आणि हो, अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या कामगारांशी गैर वागण्याची, तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ९० दिवसांत करायची असायची. ती मुदत उलटल्यावर आलेली माणसं मी फार पाहिली आहेत.