मदत हवी आहे: एनडीआयएसचे बदल आणि ‘थ्रायव्हिंग किड्स’ – पालकांना नेमकं काय सांगू?

भुईचाफा

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांकडून, त्यातही ज्यांच्या घरात एनडीआयएसचा (अपंगत्वासाठीच्या सरकारी निधीचा) प्लॅन आहे किंवा होता त्यांच्याकडून मदत हवी आहे.

मेलबर्नच्या पश्चिमेकडे आमची शनिवारची मराठी शाळा भरते, तिथे मी शिकवते. माझ्या मुलांना कधी थेरपी लागली नाही, त्यामुळे या विषयातलं माझं ज्ञान ऐकीवच. पण वर्ग सुटायची वाट बघत थांबलेल्या पालकांत गेले काही महिने दुसरा विषय नाही. कोणी म्हणतं योजनेतून नऊच्या आतली सगळी मुलं काढणार, कोणी म्हणतं ऑटिझमच काढणार. शेवटी ‘तू जरा माहिती काढ ना’ म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: एनडीआयएस म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या नावाने सरकार मंजूर करतं तो निधी. २०१३ च्या कायद्याने आला. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची), साधनं अशा गोष्टींवर तो खर्च करता येतो. मुलांची संख्या अपेक्षेपेक्षा फारच वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्यमंत्री मार्क बटलर यांनी सांगितलं की दुसरीतल्या दर सहा मुलग्यांमागे एक जण योजनेत आहे, आणि त्याच भाषणात लहान मुलांसाठी ‘थ्रायव्हिंग किड्स’ हा वेगळा कार्यक्रम जाहीर केला.

आमच्याकडची तीन घरं सांगते (परवानगीने, तपशील बदलून). एका घरी पाच वर्षांची मुलगी, बोलणं उशिरा, ‘डेव्हलपमेंटल डिले’ म्हणून प्लॅन मिळालाय. दुसऱ्या घरी आठ वर्षांचा मुलगा, ऑटिझम लेव्हल २ (बरीच मदत लागणारा), लवकरच नऊचा होईल. तिसरं कुटुंब तात्पुरत्या व्हिसावर आहे. चार वर्षांचा मुलगा हाक मारली तरी वळून बघत नाही, पण आईवडिलांना निदानच करून घ्यायचं नाही, कारण पीआर (कायम राहण्याचा परवाना) अडकेल अशी धास्ती.

एक तासाची बैठक आणि मराठीत एक पानी पत्रक करायचा विचार आहे. त्यात काय हवं, काय नको?

अवकाळी

ताई, आमच्या ग्रुपवर तर आलंय की जुलै २०२६ पासूनच नऊच्या आतल्यांचे प्लॅन बंद. खरं आहे का? आम्ही सिडनीला आहोत.

पाटावरवंटा

अवकाळी, ती जुनी तारीख आहे, आणि अर्थही चुकीचा लागलाय. जुलै २०२६ ही कार्यक्रम सुरू व्हायची मूळ तारीख होती. जानेवारी २०२६ च्या अखेरीस पंतप्रधान आणि राज्यांचे प्रीमियर यांच्या बैठकीत ती पुढे ढकलली. आता थ्रायव्हिंग किड्स १ ऑक्टोबर २०२६ पासून हळूहळू सुरू होणार आणि १ जानेवारी २०२८ पर्यंत पूर्ण उभं राहणार. एनडीआयएसमध्ये प्रवेशाचे नियम बदलतील ते १ जानेवारी २०२८ पासून. केंद्राचे दोन अब्ज डॉलर आणि राज्यांचेही तितकेच, असा हिशोब आहे.

भुईचाफा, पत्रकात सगळ्यात वर एकच वाक्य घाला: २०२८ च्या आधी जी मुलं योजनेत आहेत ती त्या तारखेला आपोआप बाहेर पडणार नाहीत, मात्र नेहमीची फेरतपासणी (मूल अजून पात्र आहे का हे बघणं) त्यांनाही चुकणार नाही. लोक या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून निर्धास्त होतात किंवा दुसरा ऐकून रडकुंडीला येतात. दोन्ही अर्धे एकत्रच सांगा.

आणि ‘ऑटिझम काढणार’ हेही तसं नाही. आठ वर्षांपर्यंतची, कमी ते मध्यम मदत लागणारी मुलं नव्या कार्यक्रमाकडे जातील. कायमस्वरूपी आणि लक्षणीय अपंगत्व असेल तर एनडीआयएस राहील. म्हणजे तराजूत निदानाचं नाव कमी आणि रोजच्या जगण्यात किती आधार लागतो ते जास्त. तयारी करायची ती याचीच.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. पाचव्या वर्षी प्लॅन मिळाला, मधे फेरतपासणीही झाली. त्यातून शिकलेली गोष्ट सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत ती हमखास निसटते.

ओटी थेरपिस्ट विचारते, ‘स्वतःच्या हाताने जेवतो का?’ आपण म्हणतो, ‘हो, छान जेवतो.’ खोटं नसतं ते. पण आजी समोर बसून वरणभाताचे घास भरवत असते आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती ‘मदत’ आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या पोराला भरवणं म्हणजे लाड. रिपोर्टमध्ये मात्र ‘स्वतंत्रपणे जेवतो’ असं उमटतं. तिकडे शाळेतून डबा जसाच्या तसा परत येतो, कारण तिथे भरवायला आजी नाही. अंघोळीचं तसंच, शर्टाच्या बटणांचं तसंच, शी धुण्याचंही तसंच. शिवाय चारचौघांत मुलाचं उणं काढायचं नाही हे संस्कार. त्यामुळे थेरपिस्टसमोरही आपण त्याच्या कौतुकाच्याच गोष्टी सांगतो.

म्हणून पालकांना एक वही करायला सांगा. कोणत्या कामाला किती वेळ लागला, किती वेळा सांगावं लागलं, कोणी हात धरून करून घेतलं, घरचं माणूस नसतं तर काय झालं असतं. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही. एक-दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतात, त्यासाठी कादंबरी लिहायची गरज नाही. त्या ओटीच्या हातात द्या, म्हणजे रिपोर्टमध्ये घर दिसेल.

मुळाक्षर

मी मेलबर्नमध्येच स्पीच थेरपिस्ट आहे. पाटावरवंटा, भरवण्याचा मुद्दा अगदी नेमका. मी आता ‘जेवतो का’ असं विचारतच नाही. ‘काल रात्री ताटात काय होतं आणि ते पोटात कसं गेलं, ते सांगा’ असं विचारते.

माझी थोडी भर.

घरात मराठी बोलणं बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि बोलण्याची अडचणही निर्माण होत नाही. तरीही दर वर्षी एखादं कुटुंब भेटतं ज्यांनी कोणाच्या तरी सल्ल्याने घरात इंग्रजी सुरू केलेलं असतं, आणि मग आजीआजोबांशी असलेला मुलाचा उरलासुरला संवादही आटतो. तपासणीच्या वेळी दोन्ही भाषांतले शब्द मोजायला सांगा. मूल ‘पाणी’ म्हणतं आणि ‘वॉटर’ म्हणत नाही, तर तो शब्द त्याला येतो. उलट, दोन्हींत मिळूनही शब्द कमी असतील तर ‘बायलिंग्वल आहे, येईल हळूहळू’ म्हणून कोणाला टाळू देऊ नका. ‘त्याचा बाबाही उशिराच बोलला’ यालाही फार भुलू नका. दुभाष्या मागता येतो, तोही पैसे न भरता.

पाच वर्षांच्या मुलीबद्दल: ‘डेव्हलपमेंटल डिले’चा रस्ता फक्त सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे. सहा पूर्ण झाल्याच्या दिवशी प्लॅन तुटत नाही. पण पुढच्या फेरतपासणीला ‘डिले’ एवढ्यावर भागणार नाही, अपंगत्वाचा पुरावा लागेल. नुसतं बोलणं उशिरा आहे की त्यामागे आणखी काही आहे, हे बालरोगतज्ज्ञाकडून आत्ताच बघून घ्या. अपॉइंटमेंट मिळायलाच महिने जातात. आणि काही नाही निघालं, मुलगी सुधारली, तर योजनेतून बाहेर पडणं ही आनंदाची गोष्ट आहे हेही बैठकीत कोणीतरी म्हणा. प्लॅन म्हणजे पदक नव्हे.

पैशाचं. १९ मे २०२५ नंतरच्या नव्या प्लॅनमध्ये निधी टप्प्यांनी मोकळा होतो, बहुधा तीन-तीन महिन्यांनी. उरलेलं पुढच्या टप्प्यात जातं, पण प्लॅन संपला की नव्या प्लॅनमध्ये जात नाही. जुलै २०२५ पासून थेरपिस्टला प्रवासाच्या वेळाचे निम्म्या दरानेच पैसे लावता येतात, त्यामुळे घरी येणारे कमी झालेत. घरभेट हवीच असेल तर आधी विचारा. बाकी वेळा क्लिनिकला जा, त्याच पैशात जास्त सत्रं होतील. थेरपिस्ट मिळत नसल्यामुळे निधी पडून राहिला असेल तर प्रतीक्षायादीचे ईमेल जपून ठेवा. नाहीतर ‘वापरला नाही म्हणजे लागत नाही’ असा अर्थ निघू शकतो.

टेकडीपलीकडे

सगळे इतके शांतपणे लिहिताय म्हणून जरा कडू बोलतो. कागदावर कार्यक्रम छान आहे. सल्लागार गटाचं सहअध्यक्षपद फ्रँक ओबरक्लेड यांच्यासारख्या जाणत्या बालरोगतज्ज्ञाकडे होतं, मुलाला बालवाडीत आणि घरीच मदत मिळावी हा विचारही पटतो. पण जागा कुठे आहेत? आमच्या भागातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये स्पीचसाठी रांग किती आहे ते आम्ही भोगलंय. वैयक्तिक निधीत निदान थेरपिस्ट बदलता तरी येतो. सामायिक सेवेत जो मिळेल तो. पालकांनी खासदाराला पत्रं लिहावीत, नुसत्या वह्या भरू नयेत.

पाटावरवंटा

दादा, पत्रं लिहाच. वहीही भरा. दोन्हींत भांडण नाही.

टेकडीपलीकडे

मान्य.

परदेशी_मोगरा

तिसऱ्या कुटुंबाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही याच चक्रातून गेलो आहोत.

तात्पुरत्या व्हिसावर एनडीआयएस मिळतच नाही, त्यामुळे हे बदल त्यांना थेट लागू नाहीत. त्यांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. पीआरच्या वैद्यकीय तपासणीत मुलाचा सरकारवर पडणारा अंदाजे खर्च बघतात. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा ८६,००० डॉलर झाली आणि विशेष शिक्षणाचा खर्च त्या हिशोबातून वगळला गेला, म्हणजे थोडी सैल झाली. काही व्हिसांत सूट मागता येते, काहींत नाही. हे ज्याच्या त्याच्या व्हिसावर ठरतं, म्हणून नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाकडे एक बैठक कराच, आणि ग्रुपवरच्या सल्ल्यावर पाचशे डॉलर वाचवू नका. फॉर्ममध्ये माहिती लपवणं तर अजिबात नको, त्याने व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

पण निदान टाळून मुलाचं वर्ष वाया घालवणं मला पटत नाही. चार वर्षांचं मूल हाकेला वळत नाही, तर आधी कान तपासा. ते तर कोणत्याही व्हिसावर करता येतं! व्हिक्टोरियात मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थची नर्स शाळेत जाईपर्यंत फुकट भेटते. बालवाडीच्या शिक्षिकेला सांगितलं तर प्रीस्कूल फील्ड ऑफिसर वर्गात येऊन मुलाकडे बघून जाते. यातल्या कशालाही निदानाचा कागद लागत नाही. आमची अर्धी वाट तिथेच निघाली.

भुईचाफा

बाप रे, किती मदत केलीत! मी उतरवून घेतेय. कान तपासायचं तर कोणाच्या मनातही आलं नव्हतं, आज संध्याकाळीच फोन करते.

तीन शंका. फेरतपासणीत ‘पात्र नाही’ आलं तर? शाळेतली मदत एनडीआयएसवर अवलंबून आहे का? आणि बाहेर पडलेल्यांना मधल्या काळात काय?

पाटावरवंटा

निर्णयाचं पत्र आल्यापासून तीन महिन्यांत अंतर्गत पुनर्विचार मागता येतो, त्याला वकील लागत नाही. तोही विरोधात गेला तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल (सरकारी निर्णय तपासणारं न्यायाधिकरण), तिथे मुदत २८ दिवसांची. पत्र हातात पडलं की त्यावर तारीख लिहून फ्रिजला लावा. बहुतेक जण महिनाभर धक्क्यात घालवतात आणि मग धावपळ. पुनर्विचाराला तेच जुने रिपोर्ट पुन्हा जोडून उपयोग नाही. नकाराचं कारण वाचून नेमकं त्याचं उत्तर देणारं नवं काही द्या.

शाळेचा निधी वेगळा आहे. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत ‘डिसअ‍ॅबिलिटी इन्क्लुजन’ आहे, तो शिक्षण खात्याचा पैसा. प्लॅन गेला तरी तो जात नाही. स्टुडंट सपोर्ट ग्रुपच्या (शाळा आणि पालकांच्या) बैठकीला आईबाबांपैकी एकाने जायचंच, आणि डबा परत येतो हे तिथे सांगायचंच.

मुळाक्षर

मधल्या काळासाठी मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा). जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) क्रॉनिक कंडिशनचा प्लॅन करून घेतला तर कॅलेंडर वर्षात पाच थेरपी भेटींवर परतावा मिळतो. ऑटिझमसारख्या निदानासाठी वेगळा रस्ता आहे, त्यात पंचवीस वर्षांच्या आत आयुष्यभरात मिळून वीस सत्रं. वरचे पैसे खिशातून जातात, ते आधीच विचारून घ्या. सेंटरलिंकचा (सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाचा) केअरर अलाउन्स, म्हणजे सांभाळ करणाऱ्याचा भत्ताही वेगळा आहे, त्याला एनडीआयएसचा प्लॅन असावा लागत नाही. मुलासाठी तो मिळत असेल तर वर्षातून एकदा हजार डॉलरपर्यंतचं चाइल्ड डिसअ‍ॅबिलिटी असिस्टन्स पेमेंटही येतं. आपले लोक ‘भीक नको’ म्हणून अर्जच करत नाहीत. कर भरता ना? मग करा अर्ज.

अवकाळी

लवकरच नऊचा होणाऱ्या मुलाचं राहिलं. आमचाही नऊचा होतोय.

पाटावरवंटा

नऊच्या आतल्यांसाठी अर्ली चाइल्डहुडवाले पार्टनर (लहान मुलांसाठी एनडीआयएसने नेमलेल्या संस्था) बघतात. नववा वाढदिवस झाला की ते काम दुसऱ्या समन्वयकाकडे जातं. माणूस बदलतो, वयामुळे प्लॅन रद्द होत नाही. पण नवा माणूस फाइल कोरी वाचतो. म्हणून जुन्या पार्टनरकडून सगळे रिपोर्ट आधीच मागून घ्या आणि शेवटची ओटी तपासणी जुनी असेल तर नवी करून घ्या. भुईचाफा, त्या लेव्हल २ वाल्या घराला हे या महिन्यातच सांगा, बैठकीपर्यंत थांबू नका.

भुईचाफा

सांगितलं आत्ताच. त्या मुलाचा बाबा म्हणाला, रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा आहे. ओटीला मेसेज टाकतोय.

पत्रकाचा कच्चा मसुदा रविवारी इथेच टाकते. मुळाक्षर, तुम्ही पश्चिमेकडेच असाल तर बैठकीला याल का? चहा आमचा.

मुळाक्षर

येईन. शनिवार सोडून कुठलाही वार.

भुईचाफा

शाळाच शनिवारची आहे हो! बरं, रविवार सकाळ बघते.