एसएलओचं स्किल वीसपैकी वीस गुण घेऊन पास झालं, म्हणून काम त्याच्यावर सोपवायचं?

रात्रपाळी:
काल यामलवीर यांनी लिहिलं की त्यांच्या टीमने एआय एजंटसाठी एसएलओ (सर्व्हिस किती टक्के वेळा नीट चालली पाहिजे याचं ठरवलेलं लक्ष्य) सांभाळायचं स्किल (एजंटला दिलेल्या लेखी सूचना) बनवलं, वीस प्रश्नांवर तपासलं, वीसच्या वीस उत्तरं बरोबर आली, आणि "आता हे काम एजंटकडे सोपवायला हरकत नाही". हे शेवटचं वाक्य मला रात्रभर सलत होतं, म्हणून वेगळा धागा.

त्यांनी दिलेले प्रश्न वाचले. ९९.९ टक्के लक्ष्य असेल तर ३० दिवसांचं एरर बजेट, म्हणजे चालवून घेता येणारा बिघाड, किती? ४३.२ मिनिटं. ९९.९९ असेल तर? ४.३२. एका तासात २ टक्के बजेट जळत असेल तर बर्न रेट, म्हणजे बजेट ठरल्यापेक्षा किती पट वेगाने संपतंय ते, किती? १४.४. अहो, ही तर आकडेमोड आहे. स्किल न देता त्याच मॉडेलला विचारा, बहुतेक हीच उत्तरं येतील. स्किल काढून एकदा तरी चालवून पाहिलं का? पोस्टमध्ये उल्लेख नाही. मग हे गुण स्किलचे की मॉडेलचे?

आम्ही असंच एक स्किल आणलं तेव्हा मी प्रश्नपत्रिका काढली नाही. एक जुना आउटेज (सेवा कोलमडल्याची घटना) काढला आणि तेव्हाची मेट्रिक्स एजंटपुढे ठेवून विचारलं, "या सर्व्हिसचं बजेट सलग तिसऱ्या महिन्यात संपलंय, काय करू?" त्याने सुबक बदल करून दिला. यामल (सेटिंग्जच्या फाइलचा फॉरमॅट) बिनचूक, इंडेंटेशन नीट, वर कारणमीमांसाही. बदल काय? लक्ष्य ९९.९ वरून ९९.५. कनेक्शन पूल (वापरायला ठेवलेली ठरावीक कनेक्शन्स) तुडुंब भरून युजर्सना एरर जात होते, ते त्याच मेट्रिक्समध्ये दिसत होतं. त्याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या चाचणीत हे उत्तर पास झालं असतं, कारण तिथे तपासली जाते ती फाइल.

लक्ष्य खाली आणण्याआधी "युजरला नक्की काय त्रास झाला?" हा प्रश्न एजंट विचारतो का, ते आधी तपासा.

यामलवीर:
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही सविस्तर देतो.

लक्ष्य खाली ओढायचं हे एजंटने कुठून शिकलं? माणसांकडूनच. माझ्या आधीच्या टीममध्ये सगळ्या सर्व्हिसेसचं लक्ष्य ९९.९ होतं, कारण पहिल्या सर्व्हिसची फाइल कॉपी होत गेली. इनव्हॉइसची पीडीएफ काढणाऱ्या बॅच जॉबलाही ९९.९! तीन वर्षं कुणी "का" म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे आजवर कितीतरी सर्व्हिसेसना एसएलओच नव्हता. स्किलमुळे निदान कच्चा मसुदा तरी आला. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. तुम्ही आदर्श स्थितीशी तुलना करताय, मी वस्तुस्थितीशी करतोय.

चारशेनव्व्याण्णव:
दोघांनाही एक विचारायचंय. तुमच्या स्किलमध्ये "४एक्सएक्स वगळा", म्हणजे चूक क्लायंटची मानणारे ४०० ते ४९९ चे एरर कोड मोजू नका, अशी ओळ आहे का?

यामलवीर:
आहे. ती असायलाच हवी. क्लायंटने चुकीची रिक्वेस्ट पाठवली तर आमचं बजेट का जाळायचं?

चारशेनव्व्याण्णव:
वाटलंच होतं. आता ऐका.

माझी ऑन-कॉलची पाळी. चेकआउटचा एसएलआय (लक्ष्याशी ताडून पाहायचा, प्रत्यक्ष मोजलेला आकडा) डॅशबोर्डवर हिरवागार, आणि सपोर्टकडे तक्रारींचा ढीग. मी लॉग उघडला तर ओळीमागून ओळ ४९९. शेजारी रिक्वेस्ट टाइमच्या रकान्यात १०.०००, १०.००१, ९.९९८, पुन्हा १०.०००. मोबाइल अ‍ॅपचा टाइमआउट दहा सेकंदांचा होता. डेटाबेसमध्ये एक क्वेरी लॉक धरून बसली होती, अ‍ॅप वाट पाहून कनेक्शन तोडत होतं, एनजिनएक्स (पुढे बसवलेला प्रॉक्सी सर्व्हर, रिक्वेस्ट आधी त्याच्याकडे येतात) इमानेइतबारे ४९९ लिहीत होतं, आणि आमचा फॉर्म्युला त्या रिक्वेस्ट भाजकातूनसुद्धा, म्हणजे एकूण संख्येतूनही, काढून टाकत होता. दोन तास पेजर वाजला नाही. युजर वैतागून जात होते, तरी आमचा आकडा चांगलाच दिसत होता.

तुमच्या स्किलमधली ही एक ओळ आता प्रत्येक सर्व्हिसमध्ये जाणार. माणूस एका फाइलमध्ये चूक करतो, स्किल तीच चूक सगळीकडे नेतं.

यामलवीर:
४९९ म्हणजे क्लायंटने कनेक्शन तोडलं, बस. युजरने टॅब बंद केली तरी ४९९ येतो. सर्चमध्ये पुढचं अक्षर टाइप केलं की आधीची रिक्वेस्ट रद्द होते, तरी ४९९. हे सगळं बजेटमध्ये धरलं तर रोज रात्री पेजर वाजेल, मग तो बंद करून झोपणारेही तुम्हीच.

चारशेनव्व्याण्णव:
मी पेजर बंद करून झोपणाऱ्यांतली नाही, हे आधी लिहून ठेवा. आणि "सगळं धरा" असं मी कुठे म्हटलं?

लेटन्सीवाला:
भांडू नका, यावर तोडगा आहे. ४९९ सरसकट धरायचाही नाही आणि वगळायचाही नाही. सोबतचा रिक्वेस्ट टाइम पाहायचा. तुमच्या लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) मर्यादेआधी तुटली तर वगळा, मर्यादा उलटून गेल्यावर तुटली तर ती वाईट रिक्वेस्ट. टाइपिंगमुळे रद्द झालेल्या सर्च झटपट तुटतात, त्या आपोआप बाहेर पडतात. आम्ही हेच करतो.

यामलवीर:
हे चालेल. पण लोड बॅलन्सर (सर्व्हर्सना रिक्वेस्ट वाटणारा) बदलला की कोडही बदलतो. ४९९ हा एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे, प्रमाणित नाही.

चारशेनव्व्याण्णव:
मग स्किलने आधी विचारावं ना, "पुढे कोणता प्रॉक्सी आहे?" सरळ "४एक्सएक्स वगळा" कशाला?

पाणबुडी:
४९९ वरच किती बोलाल? कमी ट्रॅफिकच्या सर्व्हिसचं काय? आमच्या एका अंतर्गत सर्व्हिसला तासाला १० रिक्वेस्ट येतात. एक फेल झाली की १० टक्के एरर, म्हणजे ९९.९ च्या लक्ष्यावर बर्न रेट थेट १००. एजंटने १४.४ चा नेहमीचा अलर्ट लावून दिला आणि मी पहाटे तीनला एका रिक्वेस्टसाठी उठलो. रिट्राय होऊन ती तोवर यशस्वीही झाली होती. किमान रिक्वेस्टची अट घाला, नाहीतर मोजणीचा कालावधी मोठा करा, हे स्किलमध्ये कुठेच नव्हतं.

आणखी एक. सुरुवातीला एजंटला स्किलचं फक्त नाव आणि वर्णन दिसतं, बाकीचा मजकूर गरज वाटली तरच उघडतो. तुमच्या वीसही प्रश्नांत "एसएलओ" किंवा "बजेट" हे शब्द होते. खरा माणूस लिहितो, "चेकआउट सकाळपासून रडतंय, बघ जरा." तेव्हा स्किल उघडतं तरी का?

रात्रपाळी:
धागा ४९९ ने पळवला, पण तक्रार नाही. माझ्या आउटेजपेक्षा तो दाखला चांगला आहे.

यामलवीर, कच्चा मसुदा उपयोगी पडतो हे मान्य करते. कोऱ्या फाइलसमोर बसण्यापेक्षा चुकीच्या फाइलवर भांडणं सोपं जातं. पण तुमचं वाक्य "मसुदा लिहायला" असं नव्हतं, "सोपवायला" असं होतं. त्यावर मी अजूनही ठाम आहे. लक्ष्य बदलणं आणि एरर वगळणं या दोन गोष्टी एजंटने फक्त सुचवाव्यात. मंजुरी द्यायची ती ज्याच्या उशाशी पेजर असतो त्याने.

यामलवीर:
शब्द चुकला, ठीक आहे. "सोपवायला" लिहायला नको होतं. बाकी टीकेचा सूर मला अजूनही पटलेला नाही.

आज दुपारी स्किल काढून तेच वीस प्रश्न पुन्हा चालवले. एकोणीस बरोबर आले.

तुमचा तो आउटेज नावं काढून द्या. स्किलसह पाच वेळा आणि स्किलशिवाय पाच वेळा चालवतो, एकाच उत्तरावर विसंबायचं नाही. ४९९ चाही एक नमुना हवाय.

चारशेनव्व्याण्णव:
लॉगच्या शंभर ओळी देते. आयपी पुसून.

रात्रपाळी:
मेट्रिक्स आणि टाइमलाइन आज रात्री पाठवते. पेजर कधी वाजायला हवा होता ती वेळ मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवेन. ती एजंटला दाखवू नका.